परदेशी शिक्षणाचा खर्च तारखांनी मांडा

डोंबिवलीच्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी मुंबई विद्यापीठाची मेकॅनिकल इंजिनिअर. इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो आहे, फी २४,००० पौंड. त्यातले ५,००० पौंड मार्चअखेर भरायला सांगितलेत. जर्मनीतल्या चार सरकारी विद्यापीठांतही अर्ज करणार आहेत, पण त्यांची उत्तरं जूनच्या पुढे येतील. कन्सल्टंट म्हणतो, इंग्लंडचं सगळं तीस लाखांत बसेल. वडील अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला, निवृत्तीला पाच वर्षं. पीएफमध्ये २६ लाख, एफडी ९ लाख, घरात थोडं सोनं, राहता फ्लॅट स्वतःच्या नावावर. त्यांचा प्रश्न असा: तीस लाख पुरतील का, आणि पीएफ काढून हे भागवावं का?

मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर. आता निवृत्त आहे, पार्ल्यात घरीच असते, पण असे प्रश्न अजून येतात आणि मला त्यांना उत्तर द्यायला मनापासून आवडतं. थोडं लांबेल, पण तुमच्या आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न आहे.

टेबलावर बसून एक गोष्ट शिकले. एकूण रक्कम कमी पडली म्हणून अडलेली घरं मी थोडी पाहिली. पैसे होते, पण लागले त्या दिवशी हाताशी नव्हते, किंवा ज्या स्वरूपात हवे त्या स्वरूपात नव्हते, म्हणून अडलेली घरं खूप पाहिली. त्यामुळे एक वही घ्या, डाव्या बाजूला महिने लिहा, आजपासून मुलीच्या पहिल्या पगारापर्यंत. प्रत्येक महिन्यापुढे लिहा की किती पैसे जाणार, कोणाच्या खात्यातून, आणि ते तेव्हा एफडीत असतील, कर्जातून येतील की रोख. खाली जे सांगते ते सगळं या वहीत बसवत जा.

आधी तीस लाखांचं पाहू. गणिताच्या सोयीसाठी पौंड १२० रुपये आणि युरो १०५ रुपये धरते. २४,००० पौंड म्हणजे २८ लाख ८० हजार. कन्सल्टंटनी सांगितलेले तीस लाख म्हणजे जवळजवळ नुसती फीच आहे. राहण्या-जेवण्याला लंडनबाहेर महिना ११०० पौंड धरा, बारा महिन्यांचे १३,२०० पौंड, म्हणजे १५ लाख ८४ हजार. स्टुडंट व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झाली, तीच धरते. त्याशिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार असतो. विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे, पण कोर्स एक वर्षाचा असला तरी व्हिसा कोर्स संपल्यानंतर आणखी चार महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा लागतो: १,१६४ पौंड. व्हिसा आणि अधिभार मिळून दोन लाखांच्या वर जातात, आणि ते अर्ज करतानाच एकरकमी भरावे लागतात. विमानाचं तिकीट, टीबीची तपासणी, कपडे, तिथे घराचं डिपॉझिट, यांना दीड लाख. बेरीज ४८ लाखांपर्यंत येते. ही पदवी हातात पडेपर्यंतची.

पदवीनंतरचा खर्च मात्र कुणीच धरत नाही. इंग्लंडमध्ये शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला आणि करायला थांबायचं तर ग्रॅज्युएट व्हिसा घ्यावा लागतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एमएस्सीवाल्यांना तो दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा मिळणार आहे, म्हणजे तुमच्या मुलीलाही तेवढाच. त्याची फी २०२५ मध्ये ८८० पौंड होती, आणि त्यावर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, कारण तेव्हा विद्यार्थ्याची सवलत संपलेली असते. दोन्ही मिळून २,४०० पौंडांच्या वर, म्हणजे जवळपास तीन लाख, तेही कमाई सुरू व्हायच्या आधी. नोकरी मिळेपर्यंतचे निदान तीन महिने धरा, आणखी चार लाख. खरा आकडा ५५ लाखांच्या आसपास आहे. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. तीस लाखांची तयारी करून पाठवलेल्या मुली नेमक्या या टप्प्यावर घरी फोन करतात, आणि तेव्हा वडिलांकडे पर्सनल लोनशिवाय दुसरा मार्ग उरलेला नसतो.

आता जर्मनी. तिथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, हे खरं आहे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग या भागात, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली, मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. मेकॅनिकलची मुलं नेमकी याच ठिकाणी जास्त अर्ज करतात, म्हणून तुमच्या चार विद्यापीठांची यादी एकदा या नजरेनं तपासा. फी नसली तरी दर सत्राला दोन-तीनशे युरोंचं सत्रशुल्क असतंच.

जर्मनीच्या व्हिसासाठी एका वर्षाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. मुलगी तिथे पोहोचली की त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात, जास्त नाही. म्हणजे साडेबारा लाख रुपये एका दिवशी, एका झटक्यात पाठवायचे. २०१७ मध्ये माझा भाचा गेला तेव्हा हीच रक्कम ८,६४० युरो होती आणि युरो साधारण ७५ रुपयांना मिळत होता, म्हणजे साडेसहा लाखांच्या आत काम झालं. युरोतला आकडा तेव्हापासून सदतीस-अडतीस टक्के वाढला, रुपयांतला जवळजवळ दुप्पट झाला. जुन्या सिनिअर मुलांनी सांगितलेले आकडे म्हणूनच उपयोगाचे नसतात.

जर्मनीचा मास्टर्स कागदावर दोन वर्षांचा. महिना १,०५० युरो धरले, विद्यार्थी विमा त्यातच, तर २४ महिन्यांचे साडेसव्वीस लाख. सत्रशुल्क एक लाख. एपीएस प्रमाणपत्राचे, म्हणजे जर्मनीच्या बाजूने होणाऱ्या पदवीच्या कागदांच्या तपासणीचे, १८ हजार रुपये, अर्जांचं शुल्क, व्हिसाचे ७५ युरो, तिकीट वगैरे दीड लाख. घरमालकाला अनामत द्यावी लागते, कायद्याने ती मूळ भाड्याच्या तीन पटीपर्यंत असू शकते. खोली ४०० युरोंची धरली तर सव्वा लाख, घर सोडताना परत मिळणारे. सगळं मिळून तीस लाख. पण दोन वर्षांत संपवणारी मुलं मी कमी पाहिली. प्रबंध कंपनीत करायचा ठरला, एखादा पेपर राहिला, की अडीच वर्षं होतात. आणखी साडेसहा लाख त्यासाठी वेगळे लिहा. ते लागले नाहीत तर उत्तमच.

म्हणजे एकीकडे ५५ लाख, एक वर्ष आणि इंग्रजी. दुसरीकडे ३७ लाख, अडीच वर्षं आणि जर्मन भाषा. वर्ग इंग्रजीत असले तरी मेकॅनिकलमध्ये नोकरीला जर्मन लागतेच. ती इथेच, निघण्याआधी शिकायला सुरुवात करावी, काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा कुठेही. तो खर्चही वहीत लिहा. मी मनापासून सांगते, दुसऱ्या वर्षी मिळणाऱ्या कामाच्या पगारात त्याची भरपाई होते.

कन्सल्टंटबद्दल एक गोष्ट समजून घ्या. इंग्लंड, ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटला फीतून कमिशन देतात. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं देत नाहीत. तुमचा कन्सल्टंट प्रामाणिक माणूस असेल, मी त्याला ओळखत नाही. पण तुमच्याकडून एक पैसा न घेता तो इंग्लंडचा इतका आग्रह का धरतो, याचं हे एक कारण असू शकतं. त्याचा सल्ला ऐका, हिशेब मात्र स्वतः करा.

आता मार्चअखेरच्या ५,००० पौंडांकडे येते, कारण तुमचा सगळ्यात मोठा पेच तिथेच आहे. इंग्लंड तुमच्याकडून सहा लाख मागतंय तेव्हा जर्मनीचं उत्तर आलेलं नसेल. हे डिपॉझिट बहुतेक विद्यापीठं व्हिसा नाकारला गेला किंवा प्रवेशाची अट पूर्ण झाली नाही तरच परत करतात. आम्ही दुसरीकडे जातोय म्हटलं तर नाही. ऑफर लेटरबरोबर परताव्याचे नियम आलेले असतात, ते आज रात्री वाचा. आणि मुलीला विद्यापीठाला मेल लिहायला सांगा की डिपॉझिटची मुदत वाढवून मिळेल का. अनेक विद्यापीठं महिना-दीड महिना देतात, पण विचारल्याशिवाय देत नाहीत. मुदत वाढली नाही तर तुम्हाला एक निर्णय घ्यावा लागेल: जर्मनीचा पर्याय उघडा ठेवण्यासाठी सहा लाख घालवायची तयारी आहे का? मी तुमच्या जागी असते तर नसती. मुलीचा कल जर्मनीकडे असेल तर इंग्लंडची जागा सोडली असती. कल इंग्लंडकडे असेल तर मात्र खालचं कर्जाचं गणित पाहूनच पैसे भरले असते.

पैसे पाठवतानाचा एक अनुभव. माझ्या टेबलावरच्या एका मुलाचं डिपॉझिट विद्यापीठात १८ पौंडांनी कमी पोहोचलं, कारण मधल्या बँकेने आपलं शुल्क त्यातून कापून घेतलं. त्या १८ पौंडांपायी त्याचं सीएएस अडकलं. सीएएस म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो क्रमांक, त्याशिवाय अर्जच भरता येत नाही. दहा दिवस गेले. बँकेच्या फॉर्मवर परदेशातल्या बँकांचं शुल्क कोण देणार असा रकाना असतो, तिथे ‘ओयूआर’ निवडा, म्हणजे शुल्क तुम्ही इथे भरता आणि तिथे रक्कम पूर्ण पोहोचते. दरही दोन-तीन ठिकाणी विचारा. बँकेचा विक्रीदर आणि बाजारभाव यांत रुपया-दीड रुपयाचा फरक असला तरी ५,००० पौंडांवर पाच-सात हजार होतात. नेहमीच्या शाखेत थोडी घासाघीस केली तर दर सुधारतो, हे मी आतून पाहिलेलं आहे.

टीसीएसचा गोंधळ जवळजवळ प्रत्येक पालकाला होतो. परदेशी पैसे पाठवताना बँक एक कर आधीच कापून घेते. शिक्षणासाठी स्वतःचे पैसे पाठवले तर एका आर्थिक वर्षात एका माणसाच्या पहिल्या १० लाखांवर काही नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी ७ लाख होती. दहाच्या वरच्या रकमेवर २०२५-२६ मध्ये ५ टक्के होता. दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून पाठवण्याच्या दिवशीचा बँकेत विचारा. बँकेच्या किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या पैशांवर मात्र आता काहीच कापत नाहीत. ही मर्यादा माणशी आहे आणि आर्थिक वर्षापुरती आहे. तुम्ही एकट्याने १८ लाख पाठवले तर २०२५-२६ च्या दराने वरच्या ८ लाखांवर ४० हजार कापले गेले असते. त्यातले ८ लाख मुलीच्या आईने तिच्या खात्यातून, तिच्या पॅनवर पाठवले असते तर एक रुपयाही नाही. डिपॉझिट ३१ मार्चपूर्वी आणि बाकीचे पैसे एप्रिलनंतर गेले तर दोन वर्षांच्या दोन मर्यादा मिळतात. कापलेले पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना तुमच्या करात वळते होतात. नोकरदारांना आता आणखी एक सोय आहे: कापलेल्या टीसीएसची माहिती ठरावीक फॉर्मवर कंपनीत दिली की पगारातून कापला जाणारा टीडीएस तेवढा कमी होतो. पण तोवर तो पैसा अडकलेला असतो, आणि ऑगस्टमध्ये ४० हजार म्हणजे विमानाचं तिकीट.

व्हिसासाठी पैसे दाखवण्याचं इंग्लंडचं शास्त्र वेगळं आहे. फीची उरलेली रक्कम आणि राहण्याचे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात सलग २८ दिवस हवेत, एकही दिवस त्याखाली जाऊन चालत नाही. लंडनबाहेर ही राहण्याची रक्कम ११ नोव्हेंबर २०२५ पासून महिना १,१७१ पौंड आहे, नऊ महिन्यांचे १०,५३९. आईवडिलांचं खातं चालतं, जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडून. एफडी चालते, पण शेअर चालत नाहीत, आणि लगेच काढता न येणारा पीएफही चालत नाही. म्हणजे ज्या २६ लाखांवर तुम्ही भिस्त ठेवली आहे, ते व्हिसा अधिकाऱ्याच्या लेखी नाहीतच. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र असेल, आणि कर्जदार म्हणून मुलीचं नाव असेल, तर त्या रकमेला २८ दिवसांची अट नाही. या एका कारणासाठीसुद्धा कर्ज लवकर मंजूर करून घेणं शहाणपणाचं आहे.

कर्जाबद्दल सविस्तर सांगते, कारण हे माझं रोजचं काम होतं. सरकारी बँकांच्या आदर्श योजनेत, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या सामायिक नमुना योजनेत, साडेसात लाखांच्या वर तारण लागतं, आणि परदेशी शिक्षणाला १५ टक्के वाटा तुम्हाला घालावा लागतो. हा वाटा एकदम नाही, प्रत्येक हप्त्याच्या वेळी त्या प्रमाणात घालायचा. मुलीला शिष्यवृत्ती मिळाली तर ती यात धरता येते. शिक्षणाचा काळ आणि पुढे वर्षभर हप्ता नाही, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. ४० लाखांवर साडेदहा टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३५ हजार होतं. दोन वर्षं काहीच भरलं नाही तर ८ लाख ४० हजार मुद्दलात मिसळतात. व्याज दरमहा भरत राहिलात तर दहा वर्षांचा हप्ता ५४ हजार, नाही भरलंत तर ६५ हजारांच्या वर. आदर्श योजनेत शिकतानाच व्याज भरणाऱ्याला एक टक्का सवलतही आहे, ती तुमच्या बँकेत मिळते का ते लेखी विचारून घ्या. जर्मनीसाठी २० लाखांचं कर्ज पुरलं तर तोच हप्ता २७ हजारांवर येतो.

मी प्रत्येक पालकाला एक प्रश्न विचारत असे: तिथे नोकरी मिळाली नाही आणि ती मुंबईला परत आली, तर हा हप्ता इथल्या पगारातून जाईल का? समजा पुण्यात किंवा पवईत ७० हजारांची नोकरी लागली. २७ हजारांचा हप्ता ओढाताण करून जातो. ५४ हजारांचा जात नाही, मग तो वडिलांच्या पेन्शनवर येतो. या प्रश्नावर ‘जाईल’ असं उत्तर येईल तेवढंच कर्ज घ्या. पौंडातल्या पगाराचं स्वप्न पाहायला काही हरकत नाही, पण कर्जाचा आकडा त्या स्वप्नावर बसवू नका. माझ्या टेबलावरून मंजूर झालेल्या काही फायलींत मी हा प्रश्न पुरेशा जोरात विचारला नाही, आणि त्याची खंत मला आजही आहे.

तारणाबद्दल. गिरगाव-लालबागची पागडीची खोली बँकेत तारण राहत नाही. म्हाडाच्या घराला म्हाडाचं ना-हरकत लागतं. तुमच्याकडच्या भागात सगळ्यात मोठी अडचण भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची, असते. इमारत वीस वर्षं उभी आहे, कर भरला जातो, नळाला पाणी आहे, पण ओसी नाही, आणि मग बँकेचा वकील सर्च रिपोर्टमध्येच फाईल थांबवतो. आधीच्या मालकांचे सगळे करार साखळीने आहेत का, नोंदणीच्या पावत्या आहेत का, हेही तो पाहतो. कागद नीट असले तरी वकील, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क यांत तीन ते सहा आठवडे आणि काही हजार रुपये जातात. तारण नसेल तर खाजगी वित्तसंस्था झटपट कर्ज देतात, पण व्याज जास्त असतं, प्रक्रिया शुल्क एक-दोन टक्के असतं, आणि व्याज शिकतानाच भरायला लावतात. कर्जाबरोबर विमा पॉलिसी गळ्यात मारली जाते, तिचा हप्ता कर्जातच मिसळतात. विमा हवाच, फक्त बाहेरच्या साध्या टर्म पॉलिसीशी तुलना करून घ्या. तुम्ही सहकर्जदार आहात, तेव्हा तुमचाही विमा हवा.

पतपेढीचं कर्ज आणि नातेवाइकांचे उसने पैसे यांचा मोह होतो, कारण कागदपत्रं कमी लागतात. पण त्यांच्या व्याजावर आयकरात वजावट मिळत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं व्याज जुन्या करपद्धतीत आठ वर्षांपर्यंत, रकमेची मर्यादा न ठेवता उत्पन्नातून वजा होतं. सोनं मात्र उपयोगी आहे: कर्ज मंजूर झालं पण पहिला हप्ता यायला तीन आठवडे लागतात आणि फीची तारीख उद्याची आहे, अशा वेळी सोनेतारण कर्ज महिन्याभरासाठी घ्यावं आणि लगेच फेडावं. त्यासाठी ते घरात असू द्या.

पोहोचल्यावरचे पहिले सहा आठवडे. भाच्याची गोष्ट अर्धी राहिली. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे होते, पण ते मिळायला तिथल्या बँकेत खातं हवं, खात्याला पत्त्याची नोंदणी हवी, आणि नोंदणीला घरमालकाचा कागद हवा. खोली मिळेपर्यंत एकोणीस दिवस तो हॉस्टेलमध्ये राहिला. स्वतःच्या नावावर ८,६४० युरो असताना रोज खिशातली नाणी मोजत होता, आणि आम्ही इथे गिरगावात रात्री जागे. त्याला निघताना फक्त ५०० युरो दिले होते. मुलीला कार्डावर १,५०० ते २,००० युरो वेगळे द्या, ब्लॉक्ड अकाउंटच्या वर. साध्या डेबिट कार्डावर परदेशात प्रत्येक खर्चामागे साडेतीन टक्क्यांपर्यंत कापतात, म्हणून फॉरेक्स कार्ड घ्या. दातांची कामं, डोळ्यांची तपासणी, चष्म्याच्या दोन जोड्या इथेच करून जाऊ दे. तिकडे याच गोष्टी सगळ्यात महाग पडतात.

अर्धवेळ कामाची कमाई पहिल्या सत्रात शून्य धरा. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. त्यातून किराणा आणि प्रवास निघतो. फीचा हप्ता त्यावर लावला तर अभ्यास मागे पडतो, आणि जर्मनीत एक सत्र वाढलं की सहा-साडेसहा लाख जातात.

रुपयाचंही लिहून ठेवा. २०१० मध्ये डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, २०२५ च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. पौंड-युरोही वरच गेलेत. पुढच्या वर्षी पाठवायच्या प्रत्येक रकमेवर पाच टक्के जास्त धरा. इंग्लंडच्या ४८ लाखांवर ते जवळजवळ अडीच लाख होतात.

शिष्यवृत्त्यांची चौकशी अजून केली नसेल तर या आठवड्यात करा. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत: अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची, इतर प्रवर्गांच्याही. मुंबईतल्याच जे. एन. टाटा एन्डोवमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून सुरू आहे, आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी आहे. यांच्या मुदती ऑफर लेटर येण्याआधीच अनेकदा संपतात, म्हणून उशीर नको.

आता पीएफ. माझं उत्तर: नको. निवृत्तीनंतर तुम्हाला या पैशांवर वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत, आणि साठाव्या वर्षी कुणी तुम्हाला निवृत्तीसाठी कर्ज देणार नाही. मुलीला शिक्षणासाठी मिळतं. एफडीतल्या नऊपैकी सात लाख वापरा, दोन घरच्या दुखण्याखुपण्याला राहू द्या. डिपॉझिट किंवा ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला भाग त्या सातांतून जाईल, बाकीचं कर्ज. महिन्याचं व्याज तुमच्या पगारातून भरा, पुढची पाच वर्षं तो चालू आहे. कर्ज २० लाखांच्या आसपास ठेवता आलं तर हा आकडा जर्मनीत बसतो. इंग्लंडमध्ये, फीत मोठी सवलत मिळाल्याशिवाय, बसत नाही. कर्जावर पहिली सही मुलीची असेल, म्हणून ही वही तिच्यासमोर मांडा आणि तिला बेरजा करू द्या.

बँकेत जाण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या, आणि कपाटातून फ्लॅटचे सगळे जुने करार काढा. ओसी आहे की नाही ते कळलं, आणि डिपॉझिटच्या मुदतीबद्दल विद्यापीठाचं उत्तर आलं, की मला पुन्हा लिहा. कर्जाचा नेमका आकडा त्यानंतर बसवता येईल.